दोनशे टनांचं व्यापारी अंतराळजहाज

रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार, बाकीचे पात्रं, सोबत फासे आणि कागद. खेळ विज्ञानकथेच्या धाटणीचा असला की कधी ना कधी या मंडळींना स्वतःचं जहाज हवं असतं आणि ते आखायला बसलं की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे आणि तोफांकडे जातो. लहान व्यापारी जहाज मात्र मालाच्या जागेपासून आखायला घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्याचं बाकी सगळं रूप त्या जागेतून आणि तिच्या कमाईतून ठरतं.

हे शिकायला ‘ट्रॅव्हलर’ या खेळाइतकं चांगलं उदाहरण नाही. मार्क मिलर यांचा हा खेळ ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या अमेरिकी कंपनीनं १९७७ मध्ये बाजारात आणला. त्यातलं २०० टनी ‘फ्री ट्रेडर’ हे जहाज ठरलेल्या मार्गावर आणि वेळापत्रकावर चालत नाही. माल मिळेल तिथून उचलायचा आणि भाडं मिळेल तिकडे निघायचं, अशी त्याची रीत.

यातला ‘टन’ वजनाचा नाही, जागेचा आहे. एक टन द्रव हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो, तेवढी जागा म्हणजे एक टन. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो, म्हणून हा टन सुमारे १४ घनमीटरचा होतो. त्याच जागेत पाणी भरलं तर ते १४ टन भरेल. इतकं हलकं इंधन जहाजाची किती जागा खातं, हे या एकाच मापातून कळतं. दोनशे टनांचं जहाज म्हणजे सुमारे २,८०० घनमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात हवा भरलेला भाग सुमारे १,००० घनमीटरचा आहे. आपलं ‘लहान’ जहाज त्याच्या पावणेतीनपटीहून थोडं मोठं.

आता वाटणी बघा. जहाज चालवायच्या खोलीला, म्हणजे ब्रिजला २० टन. चार टनांची एक, अशा दहा केबिनना ४०. गोठवून न्यायच्या प्रवाशांच्या वीस पेट्यांना १०. इंधनाला ३०. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेणारं जंप इंजिन, ग्रहाजवळ ये-जा करायचं साधं इंजिन आणि वीजनिर्मिती मिळून १५. संगणकाला १ आणि शस्त्रांच्या नियंत्रणासाठी २ टन राखीव. उरले ८२ टन, ते मालाचे. कागदावर काढायचं तर दीड मीटर बाजूचे दोन चौकोन आणि तीन मीटर उंचीचं छत, एवढ्यात साधारण एक टन बसतो. चौकोनी वही घेऊन बसलं की केबिन किती अरुंद आहे आणि मालाच्या जागेनं, म्हणजे होल्डनं, जहाजाचा किती भाग व्यापलाय, हे लगेच दिसतं.

या ८२ टनांत जास्तीत जास्त किती माल मावेल? सुमारे १,१५० घनमीटर. वीस फुटी कंटेनर बाहेरून ३८ घनमीटरच्या आसपास असतो, म्हणजे अगदी ठासून रचले तरी तीसच. न्हावा-शेव्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांवर असे हजारो कंटेनर असतात. तेव्हा तीस कंटेनरवाल्यानं धान्य किंवा लोखंड वाहू नये. त्यानं औषधं, यंत्रांचे सुटे भाग, बियाणं असा कमी जागेत जास्त किमतीचा माल धरावा.

आता पैसा. खेळाच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे या जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट (हे खेळातलं चलन). वीस टक्के रोख भरायचे आणि पुढची चाळीस वर्षं दर महिन्याला किमतीचा २४० वा भाग, म्हणजे १,५४,५०० चा हप्ता. मालाचं भाडं टनाला एक हजार. एक जंप आठवडाभराची, पुढचा आठवडा ग्रहाभोवतीच्या कामांचा. म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. होल्ड दोन्ही वेळा काठोकाठ भरला तरी भाडं १,६४,००० होतं. हप्ता गेला की हातात ९,५०० राहतात आणि पायलट, इंजिनिअर, डॉक्टर आणि स्टुअर्ड यांचे पगारच १५,०००. इंधन आणि देखभाल अजून बाकीच. निव्वळ माल वाहून हे जहाज बुडतं.

म्हणून प्रवासी. केबिनचं तिकीट १०,००० चं, त्यातले हवा-पाणी-अन्नाचे २,००० वजा करा. टनाला २,००० सुटतात, मालाच्या दुप्पट. गोठवलेल्या प्रवाशाची पेटी अर्ध्या टनाची, तिकीट एक हजाराचं, खर्च शंभराचा, टनाला १,८००. हिशेब बघून होल्डमध्ये आणखी पेट्या लावायचा मोह कुणालाही होईल. पण प्रवाशाला जागं करताना दोन फासे टाकावे लागतात आणि बेरीज पाचाच्या खाली गेली तर तो मरतो. सहात एक. कुशल डॉक्टर जवळ असेल तर बारात एक. मला या खेळातला हा सगळ्यात धारदार नियम वाटतो, कारण भाड्याच्या हिशेबात माणसाचा जीव येऊन बसतो.

विज्ञान इथे खेळापेक्षा सावध आहे. पेशींत बर्फाचे स्फटिक झाले की त्या फाटतात. उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग हा बेडूक शरीरात ग्लुकोजचा पूर आणून स्वतःच्या पेशी वाचवतो. अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं आणि वसंतात ते पुन्हा सुरू होतं. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडं बर्फ न होऊ देता १०० दिवसांपर्यंत अतिथंड ठेवली, मग सगळीकडून सारखी ऊब देऊन त्यांचं रोपण केलं आणि ती कामाला लागली. थंड करण्याइतकंच पुन्हा गरम करणंही अवघड असतं. आख्खा माणूस अजून फार दूर आहे.

आता इंजिन. ताऱ्यांमधली जंप ही शुद्ध कल्पना आहे, ती मान्य करून पुढे जावं. (या जहाजाची झेप एक पार्सेकची, म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांची. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी १.३ पार्सेकवर आहे; काटेकोर मोजलं तर ते आपल्याकडून कुठेच पोचत नाही. खेळाचा सपाट, षटकोनी नकाशा तेवढी सूट देतो.) मला खटकतं ते साधं इंजिन. नियम सांगतो, ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट दूर गेल्यावर जंप करावी. पृथ्वीपासून ते अंतर सुमारे पावणेतेरा लाख किलोमीटर. निम्म्या वाटेपर्यंत १ जी, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण, मग उलटं फिरून तितकाच ब्रेक: सव्वासहा तासांत काम फत्ते. पण जहाजाचं वजन १,००० टन (हे टन मात्र वजनाचे) धरलं तर वेग घेताना सरासरी ५५० गिगावॅट लागतात. ३० मे २०२४ ला आख्ख्या भारताची विजेची मागणी २५० गिगावॅटच्या विक्रमावर गेली होती. हे एकटं जहाज त्याच्या दुपटीहून जास्त वीज खाणार.

वीज कल्पनेतून आणता येईल, उष्णतेचं काय? अवकाशात हवा नाही, तेव्हा ती वाहून नेणारं काहीच नाही. तापलेले पत्रे बाहेर पसरायचे आणि उष्णता प्रारणानं घालवायची, एवढा एकच मार्ग उरतो. ५५० गिगावॅटपैकी एकच टक्का वाया गेला तरी साडेपाच गिगावॅट उष्णता होते. पत्रे १,५०० केल्विनला लाल-पिवळे तापवले तरी दोन्ही बाजू धरून सुमारे ९,६०० चौरस मीटरचं क्षेत्र लागतं. इतके पत्रे पसरून ग्रहावर उतरणं अशक्यच.

म्हणून मी माझ्या जहाजाला एक जीचा शंभरावा भाग देतो. वेळ दहापटच वाढतो, ६३ तास, आणि शक्ती मात्र हजारपट कमी होऊन ५५० मेगावॅटवर येते. पत्रे १,००० केल्विनला ठेवले तर ५० चौरस मीटरही लागत नाहीत. जाता-येताचे मिळून सव्वापाच दिवस होतात, म्हणजे जंपनंतरच्या आठवड्यात उतराईला आणि भराईला जेमतेम पावणेदोन दिवस उरतात. महिन्याच्या दोन फेऱ्या टिकतात, हप्ता निघतो. पत्रे, पंप आणि नळ्यांसाठी मी होल्डमधले सहा टन काढतो. मालाचे ७६ राहतात.

इतक्या कमी जोराचं हे जहाज ग्रहावर उतरू शकत नाही. कक्षेतल्या स्थानकाशी लागायचं आणि खालून माल आणणाऱ्या बार्जवाल्याशी भाव ठरवायचा. सूत्रधाराला यातून डझनभर प्रसंग मिळतील: बार्ज उशिरा आला, स्थानकाचं भाडं वाढलं, पावणेदोन दिवसांतला एक दिवस तपासणीतच गेला.

कृत्रिम गुरुत्वाचा नियम मी काढून टाकतो. मग इंजिन चालू असताना साठ किलोचा माणूस काट्यावर सहाशे ग्रॅम भरेल आणि हातातून सुटलेला पेला मीटरभर खाली यायला साडेचार सेकंद घेईल. होल्डमध्ये मात्र हीच गोष्ट धोक्याची. वजन जातं, वस्तुमान जात नाही. दहा टन वस्तुमानाचा कंटेनर चालण्याच्या वेगानं सरकला तरी मध्ये सापडलेल्याच्या बरगड्या मोडतात. सुमारे ३२ तासांनी, वाटेच्या मध्यावर, इंजिन बंद करून जहाज उलटं फिरवायचं असतं. तेव्हा सगळंच तरंगतं. त्याआधी प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक कडी हातानं तपासायला हवी. डॉक्टर आणि स्टुअर्ड प्रवाशांत गुंतलेले, इंजिनिअर पत्र्यांच्या पंपांपाशी, पायलट ब्रिजवर. म्हणून मी मालावर लक्ष ठेवणारा पाचवा माणूस धरतो. त्याला एक केबिन जाते, म्हणजे महिन्याला दोन तिकिटं, २०,००० क्रेडिट. शिवाय त्याचा पगार. तरीही ही जागा मी प्रवाशाला विकणार नाही.