‘सध्या काय वाचताय?’ : पुस्तक सुचवण्याच्या मराठी रिवाजाची पार्श्वभूमी

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नापसंत केले. का, हे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे : कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले.

पुस्तके सुचवण्याचा इतिहास सांगताना सुरुवात इथूनच करायला हवी. अमुक पुस्तक वाचण्याजोगे आहे असे म्हणण्याचा अधिकार त्या काळी कोणाकडे होता, हे या एका प्रसंगात दिसते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने चालू ठेवली होती. तिच्यातलाच काही पैसा बाजूला काढून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची प्रथा पडली. बक्षीस मिळाले म्हणजे पुस्तकावर सरकारी शिक्का उठला. न मिळाले तर छपाईचा खर्च कोण करणार?

वाचनालये तेव्हाही होती. रत्नागिरीचे १८२८चे, नगरचे १८३८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. पण त्यांची सुरुवात इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले नेटिव्ह यांच्या हौसेतून झालेली. कपाटांत इंग्रजी पुस्तकांचाच भरणा, कारण मराठीत छापलेली पुस्तकेच मुळात थोडी.

नियतकालिके निघाली आणि चित्र थोडे बदलले. १८६७ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू केले आणि त्यात नव्या पुस्तकांची परीक्षणे येऊ लागली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. शास्त्रीबुवांची लेखणी धारदार खरी, पण कोणते पुस्तक वाचावे यापेक्षा कोणते वाचू नये हे सांगण्यात ती जास्त रमली. फुल्यांच्या पुस्तकांची तर त्यांनी व्याकरणावरून टर उडवली. मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते : त्यांनी पुण्यात ‘किताबखाना’ नावाचे पुस्तकांचे दुकानही काढले. नुसते मत देऊन भागत नाही, पुस्तक माणसाच्या हातात पडले पाहिजे, हे त्या टीकाकाराला उमगले होते.

मराठीत पुस्तकांची शिफारस कशी चालली याचे मर्म माझ्या मते एवढेच आहे. ज्याला पुस्तक हातात ठेवता आले त्याची शिफारस चालली. बाकीच्यांची मासिकाच्या पानावर राहिली. मासिकांतले ‘साभार पोच’ हे सदर त्याचा पुरावा. लेखक-प्रकाशक ‘अभिप्रायार्थ दोन प्रती’ पाठवत. ज्यांच्यावर लिहायला कोणी मिळत नसे त्या पुस्तकांची नावे, पृष्ठसंख्या आणि किंमत या यादीत लागत. ही यादी वाचून कोणी पुस्तक विकत घेतल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही.

उलट एका सत्कारात हातात ठेवलेल्या पुस्तकाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले शिक्षक. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत येऊन बसत. तिथेच वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. तो भीमराव आंबेडकर. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी भीमरावाचा सत्कार ठरवला, तेव्हा अध्यक्षस्थानी केळुसकर होते आणि त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही हकिगत सांगितली आहे. वडील घरात रामायण-महाभारत वाचायला लावत, आपण त्यावर प्रश्न विचारत असू, आणि त्या वयात हे चरित्र वाचून आपण बुद्धाकडे वळलो, असे ते म्हणतात. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मराठी माणसाने मराठी माणसाला दिलेल्या पुस्तकांत इतक्या दूरवर पोचलेले दुसरे पुस्तक मला तरी सांगता येणार नाही. केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांची मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. ते बुद्धचरित्रही बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेले.

बडोद्याचे नाव इथे ओघाने आले, पण ते एरवीही टाळता आले नसते. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग प्रश्न आला की शाळा सोडलेला मुलगा चार वर्षांत अक्षरे विसरला तर काय उपयोग. म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तके भरून पेटीच गावाला धाडायची. पेटीत काय भरायचे हे बडोद्यात ठरे, त्यामुळे शिफारस वरूनच येई. पण ती गावापर्यंत पोचत होती.

इकडे ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढले आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. मराठी पुस्तकांसाठीच वाचनालय, हा विचार तेव्हा नवा होता. अशा संस्थांनी काउंटरवरचा माणूस निर्माण केला, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे मराठी वाचकाला खरी शिफारस मिळाली ती त्याच्याकडून. ‘काहीतरी चांगलं द्या’ एवढ्या बोलीवर तो घरातल्या आजीला एक, कॉलेजातल्या मुलीला दुसरे आणि वडिलांना तिसरे पुस्तक काढून देई. शिवाय पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी होतीच. तिच्यावर शिक्के दाटीवाटीने पडलेले असले की पुस्तक घरी न्यायला हरकत नाही. समासात पेन्सिलीने ‘शेवट पटला नाही’ असा शेराही सापडे. नियमाविरुद्ध, पण उपयोगी.

गल्लीबोळांतल्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांचा कारभार वेगळा. तिथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या दिवसाच्या भाड्यावर फिरत. ही पुस्तके कोणी चारचौघांत सुचवत नसे. तरी ती कपाटात कधी सापडत नसत. काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर तर अश्लीलतेचा खटला झाला. ती ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली होती आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला.

दिवाळी अंकांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगायला हवे. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा तरी नवे लेखक एकाच ठिकाणी चाखायला मिळू लागले. वाचनालयांची दिवाळी अंक योजना हा खास आपलाच प्रकार. ठरावीक वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे. मागणी असलेला अंक लवकर हाती लागत नाही, म्हणून रांगेतच विचारपूस होते : यंदा कोणता बरा निघालाय, कोणात नुसत्या जाहिराती आहेत. परीक्षणे छापून येईपर्यंत अंकांचा निकाल इथे लागलेला असतो.

वाचकाच्या आवडीला छापील जागा मिळाली ती जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक निघाले तेव्हा. काढले मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी, म्हणजे पुन्हा एका पुस्तकविक्रेत्याने. विक्रेत्याचे मासिक म्हटल्यावर ते घरच्या मालाची जाहिरात करणार असे वाटेल. तसे फारसे झाले नाही. जयवंत दळवी तिथे ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखक-प्रकाशकांची यथेच्छ खिल्ली उडवत, आणि कित्येक जण अंक हाती आला की आधी तेच पान उघडत. पण इथे महत्त्वाचे सदर दुसरे, ‘चोखंदळ वाचकांची निवड’. वर्षभरात काय आवडले हे वाचकांनाच विचारायचे. त्याचीही मर्यादा होती. विचारले जाणारे बहुधा लिहिणारे-शिकवणारेच असत, आणि त्यांच्या यादीत अर्नाळकर येण्याची शक्यता नव्हती.

त्यापुढचे पाऊल १९७४ साली ‘ग्रंथाली’ने टाकले. दिनकर गांगल आणि मंडळींनी स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले, आणि पुस्तके घेऊन ग्रंथयात्रा गावोगाव नेल्या. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्यांनीच काढले. पांढरपेशा वाचकाने पांढरपेशा वाचकाला आवर्जून दिलेले, पण त्याच्या जगाबाहेरचे असे ते पुस्तक होते. त्या आधी दलित लेखक-वाचकांनी आपली वाट स्वतः पाडलेली होतीच. गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक औरंगाबादेत उभे होते. आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर, विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागत. आजही लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे शिदोरीबरोबर आणलेल्या पैशांतून पुस्तके घेऊन जातात. त्यातली बरीच पुस्तके कुठल्याही वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत दिसत नाहीत. महाराष्ट्रातल्या पुस्तकविक्रीचा विचार या दोन मैदानांना वगळून करणे ही आपल्या समीक्षकांची जुनी खोड आहे.

अलीकडच्या उपक्रमांत नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ मला सर्वांत पक्का वाटतो. २००९ साली विनायक रानडे यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारा एक गट आणि ठरावीक काळाने गटागटांत अदलाबदल. पेटी दुबईपर्यंत पोचली. बडोद्याचीच कल्पना, फक्त संस्थानिकाच्या जागी देणगीदार वाचक. पाचगणीजवळचे भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तिथे घराघरांत कपाटे आहेत, पण त्यासाठी घाट चढून जावे लागते. काही गावांत पुस्तक भिशीही चालते. दरमहा वर्गणी काढायची, चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने पुस्तके घ्यायची आणि पुढच्या बैठकीत ती कशी वाटली ते सांगायचे.

फोनवर आता दर आठवड्याला कोणाची ना कोणाची यादी येते. अडचण यादीनंतर सुरू होते. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची, आणि ती संपली की दुसरी निघेलच असे नाही. मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारायचे, रद्दीवाल्याकडे चाळायचे, नाहीतर ज्याने सुचवले त्याच्याकडेच प्रत मागायची. तिथे भलेभले वाचनप्रेमी सावध होतात. वाचनालये अनामत रक्कम उगाच घेत नाहीत.