संशयाचे धुके: एका प्रतिमेची पार्श्वभूमी

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ज्यांना सृष्टिकर्ता उमगत नाही ते 'नीहाराने झाकलेले' आहेत, असे म्हटले आहे. नीहार म्हणजे धुके. श्वेताश्वतर उपनिषदात मात्र ब्रह्मदर्शनाआधी योग्याला ज्या खुणा दिसतात, त्यांत पहिला उल्लेख धुक्याचाच येतो. पुढे मराठी कवितेने धुक्यातून मुख्यतः हुरहूर आणि विरह उचलला.

सातारा-सांगलीत धुके एक नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात उतरते तो खरा ढगच. समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्री चढताना गारठते आणि तो ढग दिवसचे दिवस हलत नाही. कृष्णाकाठी हिवाळ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, पहाटे धुई पडते आणि उन्हे चढली की जाते. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला तिच्यात काव्य दिसत नाही. पाने ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि फुलोऱ्यात मणीगळ, म्हणून तो फवारणीच्या तयारीला लागतो.

वर्तमानपत्री मराठीने यातले कृष्णाकाठचे, आपोआप विरणारे धुके घेतले. 'प्रकरणावर संशयाचे धुके', 'अनिश्चिततेचे धुके निवळले'. पण धुक्याला कर्ता नसतो. धूळफेक कुणीतरी करतो. 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हटले की ऐकणारा मुरवणाऱ्याकडे बघतो. धुके म्हटले की सगळ्यांनी सूर्य वर येण्याची वाट पाहायची, एवढेच उरते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हे फार बोचले. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कोयना धरणातून किती पाणी कधी सोडले आणि कृष्णेवरच खाली असलेल्या अलमट्टी धरणातून कर्नाटकाने पुढे किती सोडले, हा खरा वाद. सरकारने नेमलेल्या समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीला दोषमुक्त ठरवले. पूर सोसलेल्या अनेकांना ते पटले नाही, आजही पटलेले नाही. अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्येच मुभा दिली असल्याने भीती मागच्या पुरापुरती राहिलेली नाही. अशा विषयाला धुके म्हणणे मला चुकीचे वाटते. धरणाच्या विसर्गाची नोंद क्युसेकमध्ये होते, दरवाजे उघडण्याचा निर्णय माणसे घेतात. त्या नोंदी मांडून, निर्णय घेणाऱ्यांना विचारूनच उत्तर मिळेल.

इंग्रजीत मात्र या प्रतिमेमागे माणसाची करणी होती. १८५२-५३ मध्ये क्रमशः निघालेल्या एका कादंबरीची सुरुवात लंडनच्या धुक्याने होते आणि ते थेट न्यायालयात जाऊन बसते. त्या शहराच्या धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला असे. डिसेंबर १९५२ मध्ये त्याने हजारो माणसे मारली आणि १९५६ मध्ये कायदा करावा लागला. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, धुरके, पण तो हवेच्या बातमीपलीकडे गेलाच नाही. 'युद्धाचे धुके', म्हणजे रणांगणावरची अनिश्चितता, ही जर्मन युद्धशास्त्रातल्या १८३२ च्या एका ग्रंथातील विचारातून पुढे घडलेली प्रतिमा. आपल्याकडे ती सीमेवर तणाव वाढला की दिसते.

करोनानंतर 'ब्रेन फॉग' आला. बरे झालेले लोक डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते, शब्द आठवत नाहीत, असे सांगू लागले. इथे ही प्रतिमा चपखल बसते, कारण बोलणारा कुणाची जबाबदारी झाकत नसून स्वतःला काय होते आहे तेच सांगत असतो.