स्पेअर मिळतं, त्यामागचा इतिहास

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंपाचं सील गेलं की मालक दुकानात फोन लावतो, नंबर सांगतो आणि थोड्या वेळात तेच सील हातात पडतं. एक भाग काढून त्याजागी दुसरा तंतोतंत बसवता येणं ही सोय मात्र फार जुनी नाही. ती आली बंदुकीच्या कारखान्यांतून.

१७८५ साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ यांनी बंदुकीच्या ५० खटक्यांचे सुटे भाग मांडून ठेवले होते. तिथं अमेरिकेचे दूत असलेल्या थॉमस जेफरसन यांनी हाताला लागतील ते भाग उचलून खटके जुळवले, आणि ते जुळले. पुढे अमेरिकेत एली व्हिटनी यांना १७९८ साली १०,००० बंदुकांचं कंत्राट मिळालं आणि सारं श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. ते अन्यायाचं आहे. त्यांच्या आज शिल्लक असलेल्या बंदुकांचे भाग एकमेकींना बसत नाहीत. हे काम खऱ्या अर्थानं साधलं ते जॉन हॉल यांना, १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या कारखान्यात, तेही भागागणिक गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावून.

आपल्याकडे हा विचार शेताच्या वाटेनं आला. लाकडी नांगर गावचा सुतार घडवायचा आणि लोहार फाळाला टोक काढून द्यायचा. एका नांगराचं माप दुसऱ्याला लागू पडेलच असं नव्हतं, आणि बलुत्याच्या व्यवहारात त्याची गरजही नव्हती. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे फाळ बदलता येणारा लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करांनी बेळगाव सोडून कुंडलजवळ कारखाना हलवला. बेळगावचं हे नुकसान मला आजही खटकतं.

फाळ बदलता आला तरी नट-बोल्टचं भांडण मिटलं नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंश. हे भांडण आपल्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं बनवणाऱ्या, कारखान्यांत अजून जिवंत आहे. पाइपच्या आट्यांची बीएसपी ही ब्रिटिश पद्धत ५५ अंशांची, एनपीटी ही अमेरिकन ६० अंशांची; पण अर्ध्या इंची बीएसपी आणि अर्ध्या इंची एनपीटी, दोन्हींना इंचाला १४ आटे. फिटिंग हातानं दोन-तीन आटे सहज जातं, मग अडतं. नवखा पोरगा पान्याला जोर लावतो, ते बसल्यासारखं वाटतं, आणि प्रेशर चढलं की तेल गळू लागतं.

सुट्या भागांचा हा नियम माणसांना लावण्याचा प्रयत्न १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात झाला. चालत्या पट्ट्यावर एकेका माणसाला एकच लहानसं काम, म्हणजे कोणीही उभा केला तरी चालावं. पण माणसं टिकेनात. सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षात ५२,००० हून जास्त माणसं घ्यावी लागली. १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर झाली, त्यामागे हे मोठं कारण होतं.

आज हत्तरगीच्या सेझमध्ये विमानाचे भाग बनतात आणि मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भाषा चालते. तरी भाग बदलण्याला हद्द आहेच. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि त्याचं भोक यांच्यात काही मायक्रॉनचीच फट ठेवतात. कितीतरी ठिकाणी स्पूल निवडून त्याच बॉडीला जुळवलेला असतो. तो झिजला की एकटा बदलत नाही, बॉडीसकट बदलावा लागतो. ते भोक होन करणारा, म्हणजे आतून घासून मापात आणणारा, कारागीर घासण्याच्या आवाजावरून आणि हाताच्या अंदाजानं काम कुठं थांबवायचं ते ओळखतो, मग हवेच्या दाबानं माप दाखवणारं एअर गेज लावून खात्री करतो. हा हात तयार व्हायला वर्षं जातात. तरीही अशा माणसाला ठेकेदाराच्या कागदावर अकरा महिन्यांच्या करारानं ठेवतात, आणि करार संपला की त्याच्या मशीनवर दुसरा उभा करतात.