इराणवरील निर्बंध आणि वऱ्हाडातील सोयापेंड

दूरदेशीच्या भांडणाने इथला बाजार हलणे वऱ्हाडाला नवे नाही. १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवीत दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हा मँचेस्टरचे गिरणीमालक इकडच्या कापसाकडे वळले आणि भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. सोयाबीनच्या वाट्याला आलेली अडचण वेगळी होती. इथे गिऱ्हाईक होते, मालही होता. बंद झाली ती पैसा येण्याची वाट.

शंभर किलो सोयाबीन गाळले, की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. त्यामुळे सॉल्व्हंट प्लांटचे, म्हणजे रासायनिक द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्याचे, गणित पेंडीवर, म्हणजे बाजारात जिला डीओसी म्हणतात तिच्यावर, उभे असते. या पेंडीचा इराण हा मोठा ग्राहक होता. पाश्चात्त्य देशांच्या निर्बंधांच्या रेट्यात डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत, म्हणजे आशियाई मध्यवर्ती बँकांच्या देणी-घेणी मिटवण्याच्या व्यवस्थेतून, इराणशी होणारे व्यवहार थांबवले आणि मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांच्या, जाळ्याबाहेर पडल्या. पशुखाद्यावर थेट बंदी नव्हती, पण पैसे कोणत्या बँकेतून आणायचे, हा प्रश्न उरला. त्यावर तोडगा निघाला तो रुपयांचा: भारताने घेतलेल्या कच्च्या तेलाची काही रक्कम युको बँकेत रुपयांत जमा होई आणि त्यातूनच इराणी खरेदीदार पेंड, बासमती, चहा यांची किंमत चुकती करत.

मे २०१९ मध्ये निर्बंध असूनही इराणी तेल घेण्याची अमेरिकेने दिलेली सवलत संपली, तेलाची आयात थांबली आणि हे खाते झरा आटलेल्या विहिरीसारखे उपसले जाऊ लागले.

याची झळ लहान प्लांटला अधिक बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वतः निर्यात क्वचितच करतो. निर्यातदाराचे पैसे अडकले की त्याचेही अडकतात, पण अडत्याला मात्र सोयाबीनचे पैसे वेळेवर द्यावेच लागतात. मधल्या दिवसांचे कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे, व्याज त्याच्याच अंगावर पडते. मग पेंड कमी भावात का होईना, कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांना रोखीने विकणे, एक पाळी बंद ठेवणे किंवा दुसऱ्याचा माल मजुरीवर गाळून देणे, हेच मार्ग त्याच्या हाती राहतात. बाजार समितीच्या ओट्यावर खरेदीदार ढिगातली मूठ उचलतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा बघतो आणि बोली लावतो; पेंडीचे अडकलेले पैसे त्या बोलीत आधीच वजा झालेले असतात.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत परदेशी व्यापाराची व्यवस्था इतर देशांसाठीही खुली केली. परंतु त्या देशाकडून आपण काही घेतले, तरच त्याच्या खात्यात रुपये साठणार, ही जुनी अट तिच्यातही कायम आहे.