कागदावरची रिकामी जमीन: नागपूरभोवतीच्या विरोधाची पार्श्वभूमी

हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या गावांच्या नावांतला कंस नीट वाचायला हवा. वस्ती नसलेल्या गावाला महसुली दप्तरात रिठी म्हणतात. घरे नसतात, वावरे मात्र असतात. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिथल्याच सुमारे ६९२ हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ हे व्यापार आणि वित्त केंद्र उभारायला मंजुरी दिली आणि शेतकऱ्यांचा विरोध सुरू झाला. मुंबईत यादी वाचणाऱ्याला ही गावे ओसाडच वाटणार.

‘झुडपी जंगल’ हा असाच आणखी एक शब्द. तो मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारी पद्धतीच्या काळापासूनचा. मुरमाड, हलकी जमीन. मोठे झाड धरत नाही, बोर-पळसाची झुडपे तेवढी वाढतात. गावाची गुरे तिथे चरत, सरपण तिथूनच येई, आणि या हक्कांची नोंद निस्तार पत्रकात असे. १९५१ला मालगुजारी गेली, जमीन सरकारजमा झाली. १९८०च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायला केंद्राची मंजुरी लागू केली आणि वाद पेटला: हे वन की महसुली पडीक? पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. विकास अडला की खापर झुडपीवर फुटायचे. रोही (नीलगाय), ससे, तितर, लावे यांचे घर म्हणून तिच्याकडे सहसा कोणी पाहिले नाही. अखेर २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६पूर्वी वाटलेल्या जागांना केंद्राच्या मंजुरीने त्यातून वाट ठेवली आहे.

खासगी वावरांना एवढेही कवच नव्हते. एनए (बिगरशेती) न करता तुकडे पाडून प्लॉट विकण्याची रीत जुनी. २००१च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१पर्यंतचे असे प्लॉट नियमित करता येऊ लागले. २०२१च्या दुरुस्तीने ती मुदत २०२०च्या अखेरपर्यंत आणली. आज बेकायदा पाडलेला लेआउट उद्या कायदेशीर होतो, हे विकणाऱ्याला पक्के कळले.

मग आले मिहान, म्हणजे नागपूर विमानतळालगतचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प, मग समृद्धी महामार्ग. मिहान परिसरात नोव्हेंबर २०१९मध्ये वाघ फिरल्याची बातमी झाली तेव्हा शहर चकित झाले. बोर व्याघ्र प्रकल्पाकडून येणाऱ्या वाघाने वेगळे काय करायचे होते?

विरोधाची अडचण आतलीच आहे. एक गट म्हणतो, भाव वाढवून द्या. दुसरा म्हणतो, जमीनच देणार नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला आणि पहिल्या गटाचे बळही. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण कपाशीच्या हिशेबात दरवर्षी तोटा लिहिणाऱ्याला आपण काय सांगणार?

दरम्यान, विकलेल्या वावराच्या धुऱ्यावर सिमेंटचे खांब उभे राहतात. पेरणी थांबते, तण कमरेएवढे होते. रोही दिवसा तिथे बसतात आणि रात्री शेजारच्या तुरीत उतरतात. जागल करायला उरतो तो न विकलेला.