पार्श्वभूमी : लेझरच्या तराजूवर नॅनोकण

रावेर-यावल पट्ट्यात केळीवर करपा दिसू लागला की कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक फवारले जाते, आणि घड कापेपर्यंत सालीवर त्याचा किती अंश उरला हे पाहायचे, तर अवघ्या १९१ डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) रेणूचा माग काढावा लागतो. लेझरवर चालणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, असे हलके रेणूच फार काळ जड गेले.

१९८५ मध्ये क्योटोतील शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका या तरुण विद्युत अभियंत्याच्या हातून कोबाल्टच्या सुमारे ३० नॅनोमीटर कणांच्या भुकटीत ॲसिटोनऐवजी ग्लिसरीन पडले. महागडी भुकटी टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी त्याच मिश्रणावर लेझर सोडला, आणि एरवी तुटून जाणारा जीवनसत्त्व ब-१२ चा रेणू अखंड मोजला गेला. या काटकसरीतून पुढे २००२ च्या नोबेलमधील वाटा आला. प्रत्यक्षात मात्र रूढ झाली ती जर्मनीतील हिलेनकाम्प आणि कारास यांची माल्डी पद्धत, जिच्यात नमुना अतिनील प्रकाश शोषणाऱ्या सेंद्रिय आम्लात मिसळतात. प्रथिनांसाठी ती अधिक संवेदनशील ठरली. पण हे आम्ल स्वतःच हलके असल्याने यंत्राच्या आलेखात, जिथे प्रत्येक वस्तुमानाचे शिखर उमटते, हलक्या वस्तुमानांची बाजू त्याच्याच शिखरांनी भरून जाते. नेहमीच्या वापरातील एका आम्लाचे शिखर १९० वर येते आणि कार्बेन्डाझिमचे (रेणूला एक प्रोटॉन चिकटल्याने) १९२ वर, म्हणजे दाणा भुशातच राहतो.

म्हणून संशोधक पुन्हा अजैविक कणांकडे वळले. १९९५ मध्ये सनर आणि सहकाऱ्यांनी ग्राफाइट वापरून अशा, आम्लाऐवजी कणांच्या किंवा पृष्ठाच्या मदतीने रेणू उडवण्याच्या पद्धतीला साल्डी हे नाव रूढ केले. १९९९ मध्ये सच्छिद्र सिलिकॉनच्या पृष्ठावर आम्लाशिवायच मोजणी झाली, पण तो पृष्ठ हवेत ऑक्सिडीकरण होऊन निकामी होत जाई. पुढे सोने, चांदी, टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन नलिका आणि ग्राफीन आले. हे कण लेझरची ऊर्जा शोषून क्षणात तापतात आणि चिकटलेला रेणू न मोडता उडवून देतात. लोहऑक्साइडचे कण तर सालीच्या धुवणातून अवशेष टिपून चुंबकाने बाजूला काढता येतात. तरी सोन्याचे स्वतःचे शिखर १९७ वर उभे राहतेच, आणि कणांचा एक घाणा दुसऱ्यासारखा निघेलच असे नाही. त्यामुळे अवशेषांच्या रोजच्या तपासणीत आजही क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातील घटक आधी वेगळे करणाऱ्या तंत्राला, जोडलेलेच मास स्पेक्ट्रोमीटर वापरले जातात.