फोटो काळे येतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा

तुळशीचं लग्न झालं की आमच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं. "मालक, बॉडी गेली बघा. फोटो सगळे काळे यायलेत." कधी त्याच्या उलट, "सगळं पांढरंफटक यायलंय." आणि बहुतेक वेळा बॉडीला, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याला, काहीही झालेलं नसतं. सेन्सर गेला, शटर गेलं असं समजून गडहिंग्लज, कागल, इचलकरंजीहून लोक कॅमेरा घेऊन येतात. एसटीचं भाडं जातं, त्या दिवसाचं काम बुडतं. आम्ही एक चाक फिरवून खूण शून्यावर आणतो आणि कॅमेरा परत देतो. ग्राहकाचा चेहरा पडतो, आम्हालाही पैसे घेताना अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे पत्रक छापलं आहे.

शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील. यापेक्षा जास्त इथं सांगत नाही. कॅमेरा वापरणाऱ्याला ते माहीत असतं.

सगळा घोटाळा प्लस-मायनसचा

व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा स्क्रीनच्या खालच्या बाजूला एक पट्टी दिसते. मध्ये शून्य, डावीकडे मायनस, उजवीकडे प्लस. काही बॉडींवर ती उलटी किंवा उभीही असते. हे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेल्या प्रकाशात आपण केलेली वाढ-घट. एक खटका म्हणजे साधारण एक तृतीयांश स्टॉप. तीन खटके प्लसला गेले की एक पूर्ण स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, सहा खटके गेले की चौपट.

आता घोटाळा कसा होतो बघा. रात्री रिसेप्शन आहे. स्टेजच्या मागे भलीमोठी एलईडी वॉल, पुढं नवरा-नवरी. वॉलच्या उजेडानं कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, चेहरे काळे येतात. तुम्ही प्लस १.३ करता. बरोबरच करता. कार्यक्रम संपतो, कॅमेरा बंद, बॅगेत. बंद करून चालू केला की सगळं मूळपदावर येतं असा बहुतेकांचा समज आहे. तसं होत नाही. कॅनन असो वा निकॉन, बहुतेक बॉडींत हा आकडा बंद केल्यावरही तसाच राहतो. फुजीच्या आणि सोनीच्या ज्या बॉडींना यासाठी वर वेगळी डायल असते तिथं तर प्रश्नच नाही. ती डायल हातानं फिरवल्याशिवाय हलत नाही. पण बॅगेतून काढताना, पट्ट्यात अडकून किंवा अंगठा लागून मात्र ती बरोबर हलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या पार्टीची हळद. उघड्या अंगणात, उन्हात. कॅमेरा अजून प्लस १.३ वरच आहे, म्हणजे पाहिजे त्याच्या जवळजवळ अडीचपट प्रकाश. नवरीची पिवळी साडी म्हणजे नुसता पिवळा ठिपका, तिचे काठ गायब. मामांचा पांढरा सदरा आणि मागची भिंत एक झालेली. उन्हात स्क्रीन धड दिसत नाही, त्यामुळं कळतं ते रात्री कॉम्प्युटरवर. मग सकाळी सकाळी आमच्याकडं.

अशा वेळी एक सोपी परीक्षा आहे. मोडची डायल पूर्ण ऑटोवर फिरवा, म्हणजे हिरव्या चौकोनावर किंवा तुमच्या बॉडीवर जे काही चिन्ह असेल त्यावर. बहुतेक बॉडी पूर्ण ऑटोमध्ये कॉम्पेन्सेशन जुमानत नाहीत. ऑटोत फोटो नीट आला आणि ॲपर्चर किंवा शटर प्रायॉरिटीत (यांत एक गोष्ट आपण ठरवतो, दुसरी कॅमेरा) काळा-पांढरा आला, तर दोष सेटिंगचा आहे. घरीच थांबा.

मॅन्युअलवर काम करणारे म्हणतात, "आम्ही एमवरच असतो, आमचं काय संबंध?" संबंध आहे. एमवर राहून आयएसओ ऑटो ठेवला असेल तर हल्लीच्या बऱ्याच बॉडींत प्लस-मायनसचा आकडा आयएसओवर चालतो. आणि आयएसओ पक्का ठेवला असेल तर निकॉनमध्ये वेगळीच गंमत होते. फोटो बदलत नाही, पण मीटरची पट्टी तेवढ्यानं सरकते. आकडा मायनस १ वर राहिला असेल, तर पट्टी शून्यावर आणून निर्धास्त राहणारा माणूस प्रत्यक्षात एक स्टॉप कमी मारत असतो.

याच जातीचे आणखी दोन प्रकार आहेत. ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीनं काढायची सोय, चालू राहिलं की एक फोटो नीट, एक काळा, एक पांढरा असा क्रम येतो. "कॅमेरा वेडा झालाय" म्हणून येणाऱ्या बॉडींत हे बऱ्याचदा निघतं. कॅननमध्ये ते बॉडी बंद केली की साधारणपणे निघून जातं, निकॉनमध्ये राहतं. आणि मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे प्रकाश फक्त एका ठिपक्यापुरता मोजण्यावर, राहिलं असेल तर फ्रेम जराशी हलली तरी उजेड बदलतो. मधला ठिपका काळ्या कोटावर पडला की फोटो उजळ, पांढऱ्या फेट्यावर पडला की काळा.

मग हे प्लस-मायनस वापरायचंच नाही का?

वापरायचं, आणि भरपूर वापरायचं. मार्केट यार्डातल्या काट्याला पोत्यात गूळ आहे की साखर हे कळत नाही, तो नुसतं वजन सांगतो. मीटरचंही तसंच आहे. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. जे येईल ते मध्यम करड्याच्या आसपास आणायचं, एवढंच तो जाणतो. नव्या बॉडी चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण मुळातली सवय तीच.

म्हणून पावसाळ्यात गगनबावड्याला किंवा मसाई पठारावर धुक्यात फोटो काढले की धुकं मळकं दिसतं. तिथं प्लस ०.७ ते प्लस १ द्या. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात, तिथं उलटं होतं. कॅमेरा अंधारालाच करडा करायला बघतो, पणत्या पांढऱ्याफटक होतात आणि रात्रीची संध्याकाळ होते. तिथं मायनस १ पासून सुरुवात करा, ज्योतीचा रंग दिसेपर्यंत खाली जा. संक्रांतीची काळी साडी फ्रेमभर असेल तर मायनस ०.७. हे आकडे सुरुवातीचे आहेत, पुढचं हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, बघून ठरवायचं.

एवढंच करा, काम संपलं की बॅगेत टाकायच्या आधी खूण शून्यावर आणा. आमच्या ओळखीचे जुने फोटोग्राफर कॅमेरा हातात घेतला की आधी लेन्स कॅप काढत नाहीत, अंगठ्यानं डायल चाचपतात.

हळद आणि गुलाल

यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात हे रंग सोडून काम होत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा हवाच गुलाबी असते. लग्नात हळद, निवडणुकीनंतर पुन्हा गुलाल.

बरेच जण हिस्टोग्राम बघतात, पण पांढऱ्या एकाच आलेखाचा. त्यात उजव्या टोकाला जागा शिल्लक दिसते म्हणून खूश होतात. पण पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा थोडा. गुलालात लाल तर सगळ्यात पुढं. एकत्रित आलेख ठीक दिसत असताना लाल रंगाचा स्वतःचा आलेख कधीच उजव्या भिंतीला धडकलेला असतो. मग हळदीच्या अंगावर पोतच उरत नाही, चेहरा प्लास्टिकसारखा दिसतो. मेनूत जाऊन तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल आलेख उजवीकडं टेकला की मायनस ०.३ ते ०.७.

आणि अशा कामाला रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची पूर्ण माहिती ठेवणाऱ्या फाईलमध्येच, काढा. काळा पडलेला रॉ बराच वर उचलता येतो, थोडे दाणे येतील, पण चेहरा मिळेल. पांढऱ्याफटक पडलेल्या भागात मात्र माहितीच नसते. "अल्बमला देताना तेवढं ठीक करा" असं जेपीईजीबद्दल सांगितलं जातं. जे फाईलमध्ये नाही ते आम्ही कुठून आणणार? जिथं जमतं तिथं आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे घेतो, आणि जमणार नसेल तर प्रिंट काढायच्या आधी तसं सांगतो.

खरंच बिघाड आहे का, हे घरी कसं बघायचं

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ढग नसताना बाहेर या. सूर्य पाठीशी ठेवा. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ बंद, फ्लॅश बंद. आयएसओ १००, ॲपर्चर एफ १६, शटर १/१२५. रस्ता, झाड, उभा माणूस असं काहीतरी घ्या, नुसती चुन्याची भिंत नको. फोटो व्यवस्थित आला तर सेन्सर ठीक आहे, आणि या वेगाला शटरही. यात मीटरचा काही हात नसतो, म्हणून ही परीक्षा भरवशाची.

तिथंच उभे राहून ॲपर्चर प्रायॉरिटी करा, प्लस-मायनस शून्य, मीटरिंग पूर्ण फ्रेमचं. आयएसओ १०० आणि एफ १६ तेच. कॅमेऱ्यानं १/१२५ च्या आसपास शटर दिलं तर मीटरही ठीक. १/३० किंवा १/१००० दाखवत असेल तर मात्र आणा.

मग पुन्हा मॅन्युअलवर जाऊन तीन फोटो काढा: एफ १६ ला १/१२५, एफ ८ ला १/५००, एफ ५.६ ला १/१०००. तिन्ही सारखेच उजळ यायला हवेत. एफ १६ चा फारच पांढरा, एफ ८ चा जरा कमी आणि एफ ५.६ चा ठीकठाक, असं आलं तर लेन्सच्या पाकळ्या मिटत नाहीयेत. ते काम लेन्सचं आहे, बॉडी आणू नका, लेन्स आणा. फ्लॅश न लावता १/२००० च्या वर फ्रेमची एक बाजू काळी पडत असेल तर शटरचे पडदे. हे खरे बिघाड, आणि ते आम्ही करतो.

फ्लॅश लावल्यावर खाली काळी पट्टी येते तो बिघाड नव्हे. शटर सिंकच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या सगळ्यात जास्त वेगाच्या, पुढं गेलं आहे. बॉडीनुसार ती मर्यादा साधारण १/२०० किंवा १/२५० असते. हॉलमध्ये सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक मंद, मध्येच पट्टे असं दिसत असेल तर आधी दिवे बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० करून बघा. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. एलईडी वॉलचं गणित मात्र वेगळं असतं. तिथं कार्यक्रमाआधी दोन-चार शटर मारून बघण्याला पर्याय नाही.

तपासणीचे पैसे का घेतो

हा प्रश्न आम्हाला माहीत आहे. "एक चाक फिरवलं आणि दोनशे रुपये?" चाक फिरवायला क्षण लागतो, पण चाकच फिरवायचं आहे हे ठरवायला बॉडी, लेन्स, शटरचे वेग, ॲपर्चर सगळं तपासावं लागतं. त्यात अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ बाकावर बसलेला दुसरा माणूस थांबतो. बिघाड निघाला आणि दुरुस्ती आमच्याकडं केली तर हे २०० रुपये बिलातून वजा होतात. वरची परीक्षा घरी करून आलात आणि ते तीन फोटो कार्डात ठेवून आणलेत, तर तपासणीचे पैसे घेत नाही, कारण आमचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. ते फोटो डिलीट करू नका.

काही जण म्हणतात, ऑनलाइन व्हिडिओ बघून सगळं रिसेट मारलं. मारा, काही हरकत नाही. पण त्यानं तुमची बटणांची मांडणी, कॉपीराइटचं नाव, रॉ की जेपीईजी हे सगळंही जाऊ शकतं, आणि बाहेरच्या डायलवरचा आकडा रिसेटनंही हलत नाही. एका खटक्याच्या कामासाठी तेवढं करू नये असं आमचं मत.

भाड्याच्या बॉडीबद्दल

भाड्यानं दिलेली प्रत्येक बॉडी आम्ही तुमच्यासमोर शून्यावर आणून, एक फोटो काढून दाखवून देतो. घाई असली तरी तेवढं थांबा. "द्या हो, कंडका पाडा" म्हणून न बघता नेणारेच रात्री अकराला फोन करतात. परत देताना डायल कुठंही असली तरी चालेल, ते आम्ही बघतो. गुलालाच्या कामाला नेणार असाल तर आधी सांगा. एकच झूम लावून देऊ, म्हणजे डोंगरावर लेन्स बदलायची वेळ येणार नाही. स्वतःच्या बॉडीत गुलाल गेला असेल तर तोंडानं फुंकू नका, कपडा घालू नका, तशीच आणा. जोतिबाच्या यात्रेनंतरच्या आठवड्यात सेन्सर सफाईला गर्दी असते, बॉडी दुसऱ्या दिवशी मिळेल.

पट्टी कुठं दिसते, खूण शून्यावर कशी आणायची हे तुमच्या मॉडेलवर बघायचं असेल तर दुपारी तीन ते पाच या. त्या वेळात दुकान मोकळं असतं. यासाठी पैसे नाहीत, कॅमेरा आमच्याकडून घेतलेला नसला तरी. मुहूर्ताच्या तारखांना बॉडी किंवा ७०-२०० लेन्स लागणार असेल तर आठवडाभर आधी नाव लिहून ठेवा. आदल्या दिवशी आलात तर जे शिल्लक असेल ते मिळेल.